रीडिंग आले तसे लिहा!

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. मागच्या वर्षी आमच्या तिघांच्या मिनी प्रोजेक्टला जे घसघशीत मार्क पडले, ते खोट्या ग्राफवर पडले. सर वाचत असतील तर सॉरी सर. पण लेख संपेपर्यंत वाचा, मग काय ते ठरवा.

प्रोजेक्ट साधाच होता. बाजारात तीनेकशे रुपयांना मिळणारा मॅग्नेटोमीटर सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर आणि आईने दिलेला चकलीचा प्लास्टिकचा डबा. डबा हॉस्टेलच्या गच्चीवर ठेवायचा, दर दहा मिनिटांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं रीडिंग घ्यायचं आणि आठवडाभराचा ग्राफ काढायचा. दोन दिवस ठीक गेले. मग लक्षात आलं, की रोज पहाटे साडेपाचच्या सुमारास रीडिंग एकदम उडी मारतं आणि आठ-साडेआठला परत जागेवर येतं. आम्ही डबा हलवून पाहिला, वायरी बदलल्या, कोड तपासला. सबमिशन चार दिवसांवर. शेवटी आमच्यातल्या एकाने (नाव सांगत नाही, तो मीच होतो) एक्सेल उघडलं, पहाटेची सगळी रीडिंग उडवली आणि त्या जागी सरासरी भरली. ग्राफ असा गुळगुळीत आला, की एक्सटर्नल म्हणाले, ‘व्हेरी नीट!’

महिनाभराने सकाळी सहाला वाळत घातलेली जीन्स आणायला गच्चीवर गेलो, तेव्हा उलगडा झाला. पाणी सोडणारे मामा रोज पहाटे टाकीचं लोखंडी झाकण काढतात आणि कठड्याला टेकवून ठेवतात. अगदी आमचा डबा होता त्याच्या शेजारी! आठला पाणी बंद केलं की झाकण परत टाकीवर. म्हणजे आमचा सेन्सर शंभर टक्के बरोबर सांगत होता. खोटं बोलत होतो ते आम्ही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? जर्नलमध्ये तर आपण सगळेच ‘मागच्या बॅचचं’ उतरवतो. मलाही तसंच वाटायचं. पण या डब्याच्या निमित्ताने पृथ्वीच्या चुंबकत्वाचा इतिहास वाचायला लागलो आणि एका अशा गोष्टीपाशी पोचलो, जी आपल्या वसईहून लोकलने जाता येईल इतक्या जवळ घडली आहे. तिच्यामुळे माझं मत बदललं. ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

गोष्ट सुरू होते बर्फात. एकोणिसाव्या शतकात ध्रुवाकडे जहाजं का जात होती, असं विचारलं तर आपण म्हणू, झेंडा रोवायला. ते होतंच. पण त्यातल्या कित्येक जहाजांच्या पोटात चुंबकाच्या सुया होत्या. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे रोखलेली नसते, थोडी डावी-उजवीकडे असते, आणि ते ‘थोडी’ जागोजागी वेगळं, वर्षागणिक बदलणारं. आपल्याकडे हा फरक एका अंशाच्याही आत आहे म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण उत्तर अटलांटिकमध्ये तो कित्येक अंशांचा असतो आणि त्यापायी जहाजं खडकावर जात. एडमंड हॅली, तोच धूमकेतूवाला, १६९८ ते १७०० या काळात ‘पॅरामोर’ नावाचं जहाज घेऊन अटलांटिकभर हाच फरक मोजत फिरला होता. त्याचा नकाशा १७०१ मध्ये छापला गेला.

पुढे १ जून १८३१ रोजी जेम्स क्लार्क रॉस कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर पोचला. तिथे उभ्या पातळीत फिरणारी सुई ८९ अंश ५९ मिनिटांवर टेकली, म्हणजे जवळजवळ सरळ जमिनीत घुसू पाहत होती. हाच उत्तर चुंबकीय ध्रुव. मग दक्षिणेचा कुठे? जर्मनीत गाऊस नावाच्या गणितज्ञाने कागदावर हिशेब करून त्याची अंदाजे जागा सांगितली होती. ती पाहायला रॉस १८३९ मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन निघाला. १८४१ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या भिंतीपाशी जाऊन थांबला, कारण ध्रुव जमिनीवर आत कुठेतरी होता आणि जहाज काही डोंगर चढत नाही. तिथे माणसं पोचली ती थेट १६ जानेवारी १९०९ ला: डेव्हिड, मॉसन आणि मॅके, पायी, स्लेज ओढत. रॉसची तीच दोन जहाजं १८४५ मध्ये फ्रँकलिन घेऊन गेला, तेव्हाही मोजमापाची चुंबकीय उपकरणं बरोबर होती. १२९ माणसं गेली, एकही परत आला नाही. जहाजं समुद्राच्या तळाशी सापडली ती आत्ता, २०१४ आणि २०१६ मध्ये.

ही झाली सिनेमाला शोभेल अशी बाजू. मला जास्त आवडलेली बाजू वेगळी आहे.

रॉस निघाला तेव्हाच लंडनमध्ये एडवर्ड सबाईन आणि जॉन हर्शेल यांनी सरकारच्या मागे लागून एक प्रचंड योजना मंजूर करून घेतली होती. ‘चुंबकीय मोहीम’च म्हणा. त्यांचं म्हणणं असं की, जहाज एका ठिकाणी एक दिवस थांबून पुढे जातं, पण सुई तर दिवसभर हलत असते. सकाळी वेगळी, दुपारी वेगळी आणि मध्येच एखाद्या दिवशी तिला झटके येतात. मग जहाजावर घेतलेल्या रीडिंगमधलं जागेमुळे किती आणि वेळेमुळे किती, हे कळणार कसं? त्यासाठी जगभर पक्क्या वेधशाळा हव्यात. माणसांनी एकाच जागी बसून वर्षानुवर्षं तीच सुई वाचायला हवी, आणि ठरलेल्या दिवशी सगळीकडे एकाच क्षणाला. घड्याळ कुठलं? तर गाऊसच्या गावचं, ग्योटिंगेनचं! टोरांटो, हॉबार्ट, सेंट हेलेना अशा ठिकाणी वेधशाळा निघाल्या. ईस्ट इंडिया कंपनीनेही आपला वाटा उचलला. कंपनीला विज्ञानाचा फार पुळका होता असं समजायचं कारण नाही, जहाजं तिचीच बुडत होती. सिमला, मद्रास, सिंगापूर आणि आपली मुंबई.

मुंबईत कुलाब्याला कंपनीची वेधशाळा १८२६ पासून होती, मुख्यतः तारे पाहायला आणि जहाजांना वेळ सांगायला. तिथे १८४१ मध्ये चुंबकीय नोंदी सुरू झाल्या, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली. म्हणजे ज्या वर्षी रॉस अंटार्क्टिकाच्या भिंतीपाशी सुई वाचत होता, त्याच वर्षी कुलाब्याच्या दमट हवेत कुणीतरी घाम पुसत दुसरी सुई वाचायला लागला. रॉसच्या नावाने समुद्र आहे, बेट आहे, हिमपट्टी आहे. कुलाब्याच्या सुईवाल्यांच्या नावाने ना समुद्र आहे, ना बेट.

या सुईवाल्यांत एक मराठी मुलगा होता. पंधरा-सोळा वर्षांचा असताना वेधशाळेत नोकरीला लागला, महिना पन्नास रुपयांवर. केरो लक्ष्मण छत्रे. होय, तेच केरूनाना, ज्यांच्याकडे पुढे लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात गणित शिकले. बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ याच वेधशाळेचं काम पाहिलं. आपण शाळेत या दोघांची नावं ‘समाजसुधारक व विद्वान’ या रकान्यात पाठ करतो. पण केरूनाना नोकरी म्हणून तासातासाला उपकरणाची रीडिंग घेत बसायचे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी पुढे सूर्यावरच्या डागांचा अभ्यास केला, ग्रहगणिताची कोष्टकं काढली. मुळात बैठक तिथली असणार, असं मला आपलं वाटतं.

आता येते २ सप्टेंबर १८५९ ची सकाळ. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याचे डाग काढत बसला असताना त्याला सूर्यावर दोन पांढरेशुभ्र ठिपके चमकताना दिसले आणि काही मिनिटांत विझले. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. अमेरिकेत तारायंत्राच्या वायरींतून ठिणग्या उडाल्या, बॅटरी काढूनही संदेश जात राहिले. क्यूबासारख्या उष्ण भागातून आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला. इंग्लंडच्या वेधशाळांत तोवर फोटोग्राफीच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी नवीन उपकरणं आली होती. आणि नेमकी त्या दिवशी रेघ कागदाच्या बाहेर गेली!

कुलाब्याला अशी आधुनिक सोय नव्हती. माणसं डोळ्यांनी वाचून वहीत आकडे लिहीत. सुई वेडीवाकडी हलायला लागली, तशी त्यांनी तासाची वाट न पाहता थोड्याथोड्या मिनिटांनी वाचायला सुरुवात केली. आकडे कोसळत होते. मुंबईत पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र साधारण ३८,००० नॅनोटेस्ला असतं, आणि रोजचा चढउतार फार तर काही दशकांतला. त्या सकाळी ते सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं. अशा वेळी माणूस काय करेल? मी असतो तर काय केलं असतं, ते वर सांगितलंच आहे. ‘इन्स्ट्रुमेंट फॉल्ट’ असा शेरा मारून आदल्या दिवशीची सरासरी भरली असती. साहेब विचारणार, अरे हे काय लिहिलंस, असं कधी होतं का? त्या माणसांनी आलं तसं लिहिलं.

ती वही तशीच राहिली. जवळजवळ दीडशे वर्षं. २००३ मध्ये अमेरिकेतले त्सुरुतानी, ब्राझीलचे गोन्झालेस आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले लखिना व अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या त्या नोंदींवरून हिशेब मांडला आणि कॅरिंग्टनचं वादळ किती मोठं होतं याचा आकडा जगापुढे ठेवला. तुलनेसाठी सांगतो: मार्च १९८९ मध्ये ज्या वादळाने कॅनडात क्युबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली आणि साठ लाख लोक अंधारात बसवले, त्याचा जागतिक निर्देशांक ५८९ पर्यंत उतरला होता. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेतून आकाश तांबडं दिसलं, तो सुमारे ४०० होता. आज उपग्रहांचा विमा उतरवणारे आणि वीजवाहिन्यांचे इंजिनिअर ‘सर्वांत वाईट काय होऊ शकेल’ याचा अंदाज बांधतात, तेव्हा एका हाताला कुलाब्याची ती पानं असतात.

त्या आकड्यावर वाद आहेत, हेही सांगायला हवं. काही शास्त्रज्ञ म्हणतात, इतकी खोल घसरण फक्त विषुववृत्ताभोवतीच्या वलयप्रवाहामुळे होणार नाही, त्यात ध्रुवीय प्रकाशाशी जोडलेले प्रवाहही मिसळले असतील. आणि तासाची सरासरी काढली तर आकडा बराच लहान होतो. असेलही. पण वाद घालायला आकडा आहे ना! सरासरी भरली असती तर वादच संपला होता.

इथे एक तांत्रिक मुद्दा, आणि माझ्या मते लेखातला सर्वांत महत्त्वाचा. वादळ ध्रुवावर जास्त जोरात असतं, मग मुंबईचं रीडिंग का मोलाचं? कारण ध्रुवाजवळ डोक्यावरच शंभर-दीडशे किलोमीटरवर ध्रुवीय प्रकाशाचे प्रवाह नाचत असतात. त्या गोंगाटात बाकी काही ऐकू येत नाही. चुंबकीय विषुववृत्ताच्या नेमकं खाली गेलं, तर तिथे दिवसा वेगळाच एक प्रवाह वाहतो. पृथ्वीभोवती हजारो किलोमीटरवरून फिरणारा वादळाचा वलयप्रवाह स्वच्छ ‘ऐकायचा’ तर दोन्हींपासून लांब जागा हवी. मुंबई-अलिबाग तशी जागा आहे. म्हणजे ध्रुवावर जीव धोक्यात घालणाऱ्यांच्या रीडिंगला अर्थ यायला, कुणीतरी उकाड्यात घरी बसून वाचणारा लागतोच. दोघांपैकी एकालाच हिरो का करायचं, हे मला कळत नाही.

पुढची हकिगत आपल्या म्हणजे इंजिनिअरांच्या तोंडात मारणारी आहे. विसाव्या शतकाच्या तोंडाशी मुंबईत घोड्याच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा डीसी करंट रुळांतून परत जातो आणि वाटेत थोडा जमिनीत झिरपतो. रूळ गेले की वेधशाळेची सुई ट्रामच्या टाइमटेबलप्रमाणे नाचणार! (इंग्लंडमध्ये क्यू वेधशाळेलाही याच कारणाने चुंबकीय काम स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्युरला हलवावं लागलं.) तेव्हा कुलाब्याचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावर आलेले पहिले भारतीय, आणि शिक्षणाने इंजिनिअर. त्यांनी ट्राम अडवली नाही की हात झटकून मोकळेही झाले नाहीत. नवी जागा शोधली, समुद्रापलीकडे अलिबागला. पोरबंदरी दगडाची इमारत बांधली, बांधकामात लोखंड नाही, बिजागऱ्या-खिळे तांब्या-पितळेचे. योगायोग बघा, कॅप्टन स्कॉटचं ‘डिस्कव्हरी’ जहाज १९०१ मध्ये अंटार्क्टिकाला निघालं, त्यावरही चुंबकीय खोलीपासून तीस फुटांच्या आत लोखंड-पोलाद ठेवलेलं नव्हतं. एकाच अटीवर एक जहाज बांधलं गेलं, आणि पाठोपाठ अलिबागला एक घर.

पण मूसांची खरी करामत पुढे आहे. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झालं म्हणून त्यांनी लगेच कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी रीडिंग घेतली, म्हणजे दोन जागांमधला फरक पक्का कळेल आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येईल. मगच कुलाब्याची सुई थांबली. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१० मध्ये मूसांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी आणि त्यांची चर्चा छापून काढली. कॅलिब्रेशन म्हणजे काय, हे मला चार सेमिस्टरमध्ये जेवढं कळलं नव्हतं तेवढं या एका ओव्हरलॅपने कळलं. ट्राम १९६४ मध्ये बंदही पडली. अलिबागची सुई अजून चालू आहे.

एक गंमत सांगतो. मुंबईत कुलाबा आणि अलिबागच्या समुद्रातही कुलाबा किल्ला. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होतं. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून निघून कुलाब्यालाच गेली. आणि केरूनाना छत्रे मूळचे कुठले? अलिबागजवळच्या नागावचे. ते १८८४ मध्ये गेले, त्यामुळे ही वेधशाळा आपल्या गावाशेजारी आलेली त्यांना पाहायला मिळाली नाही.

आणि ध्रुव? तोही आपल्याकडे आलाच. ६ डिसेंबर १९८१ ला भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली ती गोव्याहून, आणि ९ जानेवारी १९८२ ला तिने बर्फावर पाय ठेवला. पहिल्या मोहिमेपासून भूचुंबकत्व संस्थेची माणसं बरोबर जात आली आहेत. कुलाबा-अलिबाग वेधशाळेचीच ही वारसदार. तिचं मुख्यालय आता नवीन पनवेलला, आपल्या शेजारच्याच पट्ट्यात. अंटार्क्टिकात ‘मैत्री’ स्थानकावर सुई वाचली जाते, अलिबागलाही वाचली जाते. १८४१ ची जोडी पुन्हा जमली, या वेळी दोन्ही टोकं आपली. दरम्यान उत्तरेचा ध्रुव कॅनडातून सैबेरियाकडे इतक्या वेगाने सरकला, की फोनमधल्या होकायंत्रामागचं जागतिक मॉडेल २०१९ मध्ये मुदतीआधीच दुरुस्त करावं लागलं. पाचूबंदरच्या कोळीदादाच्या जीपीएसपासून आपल्या नकाशाच्या अ‍ॅपपर्यंत सगळे त्या वाचणाऱ्यांच्या जिवावर.

आता माझं मत. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये मार्क कशाला मिळतात? उत्तर ‘बरोबर’ आल्याला. थिअरीतली किंमत आणि आपली किंमत जुळली की टिक. म्हणून सगळे उलटीकडून रीडिंग तयार करतात. ही गोष्ट मुलांना माहीत आहे, लॅबवाल्या मामांना माहीत आहे, आणि सर, रागावू नका, पण तुम्हालाही माहीत आहे. तुम्हीही कधीतरी विद्यार्थी होतात! याला मुलांचा आळस म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या पद्धतीत खऱ्या पण वाकड्या रीडिंगला ‘रिपीट’ आणि खोट्या पण सरळ रीडिंगला दहापैकी नऊ, त्या पद्धतीत शहाणा मुलगा काय करेल?

यावर एका सरांनी मला सांगितलं, ‘अरे, साठ मुलं, दोन तास, चार सेट. प्रत्येकाच्या वाकड्या रीडिंगचं कारण शोधत बसलो तर सिलॅबस दिवाळीनंतरही संपणार नाही.’ त्यांचं खरं आहे. मला त्यांचा मुद्दा खोडता येत नाही. पण सगळ्या प्रयोगांना नको, टर्मला एक प्रयोग तरी असा ठेवता येईल, की ज्यात उत्तराला मार्कच नाहीत. मार्क फक्त पेनने लिहिलेल्या कच्च्या रीडिंगला आणि ‘हे असं का आलं असेल’ या अर्ध्या पानाला. व्हायवाला तेवढंच विचारा. कारण चुकलं तरी चालेल. खाडाखोड असली तर ती दिसू द्या.

दुसरं म्हणजे, कॉलेजची स्वतःची एखादी नोंदवही हवी. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, गाड्या बंद पडल्या, त्याच्या आठवणी इथल्या प्रत्येकाकडे आहेत. गुडघाभर, कमरेभर, मानेपर्यंत, ज्याची त्याची उंची वेगळी! पण तेव्हा गेटपाशी किती सेंटिमीटर पाणी होतं, हे आमच्या कॉलेजच्या कुठल्याही कागदावर नाही. सिव्हिल डिपार्टमेंट असून नाही. एक पर्जन्यमापक, गेटच्या खांबावर रंगवलेली एक पट्टी आणि मागच्या विहिरीच्या पाण्याचा खारेपणा, एवढं रोज लिहायला किती खर्च येतो? आमच्या फेस्टच्या एका बॅनरपेक्षा कमी. यातून उद्या लगेच पेपर निघणार नाही, प्लेसमेंटला उपयोग नाही, हे मान्य. कुलाब्याच्या वहीतून पेपर निघायला १४४ वर्षं लागली.

आमच्या डब्याचं पुढे काय झालं ते सांगतो. उडवलेली मूळ फाइल रूममेटच्या पेन ड्राइव्हमध्ये सापडली. खरा आणि खोटा, दोन्ही ग्राफ आम्ही लॅबबाहेरच्या बोर्डावर शेजारी शेजारी लावले, खाली झाकणाचा फोटो. मार्क कापायचे तर कापा असं सरांना सांगितलं आहे, निर्णय अजून आलेला नाही. मामांना ग्राफ दाखवला, तर ते म्हणाले, ‘म्हणजे मी रोज वेळेवर येतो हे आता लेखी आहे का?’ आहे. आणि एक दिवस सव्वासहाला आले होते, तेही आहे.

गच्चीचा नाद सोडला, कारण स्लॅबमध्येच सळया भरलेल्या आहेत. आता डबा मैदानाच्या टोकाला चिंचेखाली आहे, कुंपणापासून आणि बाइक पार्किंगपासून लांब. आमच्या सेन्सरची सर्वांत लहान पायरी सुमारे २०० नॅनोटेस्लाची, म्हणजे रोजचा चढउतार त्याला दिसणारच नाही. १८५९ सारखं वादळ आलं तर आठ पायऱ्या उतरेल, तेवढी पात्रता आहे. तोवर डब्याशेजारी काय आणलं, काय नेलं, गवत कापायला कोण आलं, हे लिहायला माणूस लागतो. सकाळ, संध्याकाळ आणि रात्री एकदा. रात्रीची पाळी रिकामी आहे. सबमिशनच्या आठवड्यात जागे असतातच अशांनी दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या समोरच्या खोलीत नाव द्यावं. वही दाराला दोरीने बांधलेली आहे, पेन मात्र स्वतःचं आणावं. आणि हो, येताना चाव्यांचा जुडगा खिशात असेल, तर तेही वहीत लिहा.